सोडायची सवय

गटारीच्या दुसऱ्या दिवशी मी दरवर्षी दारू सोडायचो.

आषाढी अमावस्येला घरोघरी समया-निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडतात. आम्ही बँकेतले सहा-सात जण यवतेश्वरच्या वाटेवरच्या एका ढाब्यावर बसायचो आणि पहाटेपर्यंत महिन्याची बेगमी करून घ्यायचो. मग श्रावण. श्रावणात मी मटणाला शिवत नसे, दाढी करत नसे, सोमवार धरत असे आणि दारूचा तर वासही घेत नसे. आई शेजारणींना सांगायची, "लोक काही का म्हणेनात, श्रावण कडक पाळतो हो आमचा." मीही तेच सांगायचो. सलग महिनाभर थेंबाला न शिवणारा माणूस बेवडा कसा असेल?

नागपंचमीपर्यंत बरं चालायचं. नारळीपौर्णिमेपासून मी दिवस मोजायला लागायचो. शेवटच्या आठवड्यात पंचांग काढून श्रावणी अमावस्या किती वाजता संपते ते बघून ठेवायचो. एका वर्षी ती भर दुपारी संपली. मीही मग रात्रीपर्यंत थांबलो नाही. कालनिर्णयाचं असं बारीक वाचन आमच्या घरात आईनंतर मीच केलेलं आहे. ती एकादश्या बघायची, मी ड्राय डे.

मी साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत क्लार्क. बँकेचं नाव लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. माझं काम चेक पास करायचं. चेकवरची सही आणि आमच्याकडच्या कार्डावरची सही शेजारी ठेवायची, वेलांट्या बघायच्या, शेवटचा फराटा बघायचा. 'सही जुळत नाही' असा शेरा मारून मी शेकडो चेक परत पाठवले असतील. २००९ च्या सुमाराला माझाच हात सकाळी थरथरायला लागला. कप-बशी वाजायची म्हणून मी चहा पेल्यातून प्यायला लागलो. मग सकाळची नाइंटी सुरू झाली. आमच्यात तिला उतारा म्हणतात. ती पोटात गेली की वीस मिनिटांत हात खांबासारखा स्थिर. एका सोमवारी दुकान उघडायला उशीर झाला. मी तसाच बँकेत गेलो, विम्याच्या हप्त्याचा माझा चेक लिहिला, आणि तो शेजारच्या टेबलावरून परत आला. शेरा तोच. ज्यानं मारला तो माझा मित्र, गटारीला बरोबर बसणारा. त्यानं मान वर न करता मारला.

प्यायलो की सही जुळायची, न पिता जुळायची नाही. हे मी त्या वेळी हसत हसत सांगायचो.

त्याच वर्षी लेकीला शिष्यवृत्तीचे पैसे मिळाले. तिचं अज्ञान खातं, पालक म्हणून सही माझी. १,८५० रुपये. त्या स्लिपवरची सही अगदी हुबेहूब आली. कुणी कार्ड काढून बघितलंही नाही; माझीच तर सही, बघायचं काय त्यात.

२०११ साली मामा मला पंढरपूरला घेऊन गेले. चंद्रभागेत बुडी मारली, पायरीवर ओल्या अंगानं बसलो आणि गळ्यात तुळशीची माळ पडली. माळकरी पीत नाही. माळ घातली की विषय संपला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात आणि ते खोटं नाही. माझ्या आजोळच्या भावकीत दोघांची दारू माळेनं सुटली ती कायमची. माझी चार महिने सुटली. पाचव्या महिन्यात परमिट रूममध्ये बसलो, माळ काढली, शर्टाच्या खिशात ठेवली. माळ गळ्यात असताना प्यायलो नाही, एवढं मात्र मी कसोशीनं पाळलं. त्या परमिट रूमच्या भिंतीला खिळे होते, पिशव्या-टोप्या अडकवायला. त्यातल्या एकावर आधीच कुणाचीतरी माळ लटकत होती.

मग गोळी. डायसल्फिराम हे तिचं नाव. मूळचं रबराच्या धंद्यातलं हे रसायन दारूवरचं औषध म्हणून पुढे आलं १९४८ साली, डेन्मार्कमध्ये. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष होतं आणि मग त्या विषाचा निचरा होतो. ही गोळी तो निचरा अडवते. वरून प्यायलं की तोंड लालभडक, छातीत धडधड, उलट्या. डॉक्टरांनी मला आणि हिला समोर बसवून हे सगळं सांगितलं, कारण माणसाला न सांगता ती देणं जिवावर बेतू शकतं. ('न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात ना, त्यांची पुडी आणून आमटीत मिसळण्याआधी कृपा करून एखाद्या डॉक्टरला विचारा.) ही रोज सकाळी चहाबरोबर गोळी द्यायची आणि गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायची.

गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, हे डॉक्टरांनी सावध करायला सांगितलं होतं. मी ते देय दिनांकासारखं लक्षात ठेवलं. एक तारखेपासून गोळी गालाच्या कोपऱ्यात धरायची आणि गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत थुंकायची. पंधरा तारखेला प्यायलो. मधले चौदा दिवस मी एक थेंब घेतला नव्हता. हात थरथरला तरी नाही, मित्रांनी बोलावलं तरी नाही, पगार झाला तरी नाही. इतक्या शिस्तीनं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

लोक विचारतात, इतक्या वेळा सोडलीत मग सुटली कशी नाही? मला वाटतं, सोडणं हा माझ्या पिण्याचाच एक भाग होता. जसा चकणा. शपथ घेतली की घर दोन दिवस हलकं व्हायचं, आई साखर वाटायची, ही पुन्हा नीट बोलायला लागायची, आणि मला पुढच्या पिण्यापुरती उधारी मिळायची. जितका समारंभ मोठा तितकी उधारी मोठी. नवरात्रात देवीसमोर सोडली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, १ जानेवारीला तर किती वेळा सोडली. लेकीच्या डोक्यावरचा हात मात्र आजही आठवतो, कारण ती तेव्हा मान किंचित बाजूला घ्यायची.

ऑक्टोबर २०१३ मध्ये पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो. महाराष्ट्रात असं केंद्र म्हटलं की पहिलं नाव मुक्तांगणचं येतं. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधारानं ते सुरू केलं. मी होतो ते दुसरं, लहानसं. पण दारुड्याला अहो-जाहो करायची रीत तिथेही होती, आणि पहिल्या दिवशी त्या 'अहो'नंच मला रडायला आलं. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या जाताना दिसल्या. ओळीनं, पासबुकात छापलेल्या आकड्यांसारख्या. मी बेरीज करत बसलो होतो. वॉर्डातल्या मुलानं दिवा लावला, माझा हात धरला आणि म्हणाला, "भिंत कोरी आहे काका. हात लावून बघा."

तिथून आलो तो एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू बघणाऱ्यांच्या संघटनेच्या, मीटिंगला जायला लागलो. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी, एका प्राथमिक शाळेच्या वर्गात. आम्ही पन्नाशीकडे झुकलेली माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतो. भिंतीवर बे ते तीसचे पाढे, फळ्यावर सुविचार, कोपऱ्यात पट आणि हजर. एकेक जण उठतो, नाव सांगतो, मी बेवडा आहे म्हणतो आणि बोलतो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. सही जुळते का ते बघायला कुणी बसलेलं नाही, हे पचायला मला बरेच दिवस लागले. न पिता वर्ष झालं की वाढदिवस करतात. माझा ऑक्टोबर २०१४ मध्ये झाला. ही आली, लेक आली, केक आला. मी वीस मिनिटं बोललो. लोकांचे डोळे पाणावले.

आणि ३१ डिसेंबरला पडलो.

ही गोष्ट मी पुढे शंभरदा तरी सांगितली असेल: वर्ष पूर्ण झालं, केक कापला, डोक्यात हवा गेली, मीटिंगा सुटल्या, आणि दोन महिन्यांत मी पुन्हा त्याच टेबलावर. नव्या माणसांना ती फार आवडायची. तिला सुरुवात होती, गर्व होता, घसरण होती. ऐकणाऱ्याला धडा मिळत होता आणि सांगणाऱ्याला मान.

त्यानंतरची अडीच वर्षं मी फारशी लिहिणार नाही, एक तर नीट आठवत नाहीत आणि दुसरं, सगळ्यांची ती सारखीच असतात. दोनदा केंद्र, तीनदा घरच्या घरी बंद करणं, बिनपगारी रजा, हिच्या बांगड्या. एवढंच सांगतो की दर वेळचं सोडणं आधीच्यापेक्षा वाईट जायचं. आधी नुसते हात, मग घाम आणि मुंग्या, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत एसटी स्टँडवर, कराड गाडीच्या रांगेत, फिट. शुद्धीवर आलो तेव्हा जिभेला दाताची खोक पडली होती आणि कुणीतरी नाकाशी चप्पल धरलेली होती.

डॉक्टरांनी समजावलं ते तसंच लिहितो. दारू मेंदूला दाबून धरते, म्हणून मेंदू उलटा जोर लावून उभा राहतो, दार ढकलणाऱ्या माणसासारखा. दारू एकदम काढली की पलीकडून कुणीतरी खाडकन दार उघडतं आणि तो तोंडावर आपटतो. आणि हे जितक्या वेळा होईल तितका पुढचा भडका लवकर उडतो. चुलीतलं अर्धवट जळलेलं लाकूड पुढच्या खेपेला लगेच पेट घेतं तसा. म्हणून रोज पिणाऱ्यानं मनाच्या हिमतीवर घरात एकदम बंद करू नये, दवाखान्यात करावं. ऐकताना मला आठवत होते माझे सगळे श्रावण. ज्याचं पुण्य मी इतकी वर्षं मिरवलं, त्यातल्या शेवटच्या काही श्रावणांनी चुलीत लाकडंच सारली होती.

शेवटची वेळ आली ती कशामुळे, हे मला सांगता येत नाही. विचारणाऱ्यांची निराशा होते, पण काय करणार. जून २०१७, मंगळवार. अमावस्या नाही, संकष्टी नाही, कुणाचा वाढदिवस नाही. आठ दिवस सरकारी दवाखान्यात काढून मी घरी आलो आणि कुणाला काही म्हणालो नाही. शपथ घेतली नाही. घेतली असती तरी घरात ऐकायला कुणी उरलं नव्हतं. आई गेली होती, लेक पुण्याला शिकायला. ही भाकऱ्या करत होती. ती एवढंच म्हणाली, "मीठ संपलंय."

मीठ आणायला गेलो. वाटेत दोन दुकानं. म्हणून आमच्या मीटिंगमधल्या एका म्हाताऱ्याला फोन लावला. रिटायर्ड कंडक्टर, तेव्हा पंधरा वर्षं न प्यायलेले. ते 'पिऊ नको' असं कधीच म्हणत नाहीत. त्यांची एकच अट: आधी फोन, मग बाटली. फोन उचलला की विचारतात, "कुठपर्यंत आलास?" मी म्हणायचो, पोवई नाका. मग ते मला नाक्यापासून घरापर्यंत बोलत आणायचे, जुन्या डेपोच्या, चिल्लरीच्या, घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगत. पहिल्या महिन्यात मी त्यांना दिवसाला चार-पाच फोन केले. मीठ त्या दिवशी घरी आलं.

वर्गात परत जायला मात्र लाज वाटली. गेलो त्या दिवशी फळ्यावर पट ३८ होता. हा आकडा लक्षात राहिला कारण दोन वर्षांनी, २०१९ साली, केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. देशात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो, असं त्यात होतं. तेव्हापासून त्या बाकांवर बसलो की उरलेले सदतीस आठवतात. त्यातला एक तो, खिळ्यावर माळ अडकवणारा. हजेरी घेतली तर मी पाच-सहा वेळा नाव काढून गेलेला आणि तरी बाकावर जागा असलेला मुलगा.

आता घरातलं सांगतो. ही माझ्या प्यायच्या दिवसांत वासावरून ब्रँड ओळखायची. मी वेलदोडा खाल्ला, लवंग खाल्ली, शेवटी कच्चा कांदा खाऊन यायला लागलो, ती म्हणायची, "कांदा आणि काय?" मी बंद केल्यावरही दार उघडताना ती एक पाऊल पुढे येते, श्वास घेते, मग बाजूला होते. बोलत काही नाही. पहिली दोन वर्षं मला याचा राग यायचा. एवढं करून दाखवतोय तरी विश्वास नाही! कंडक्टरकाकांकडे कुरकुर केली तर म्हणाले, "फुकट्या प्रवासी पकडायची सवय मला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी आहे. ती तर अजून ड्युटीवर आहे."

२०२४ च्या गणपतीआधी माळा आवरायला काढला. तिथे जुनं थर्माकोलचं मखर होतं. थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यापासून आम्ही कापडाची आरास करतो, त्यामुळे मखर कुणी हलवलंच नव्हतं. म्हटलं, मोडून टाकू. कमान मोडली, खांब मोडले. खालचा चौथरा उचलला तर जड लागला. उलटा केला. तळाला खाकी चिकटपट्टी, माझ्याच हातची, कोपरे दुमडून लावलेली. फाडली. आत पेपरात गुंडाळलेली क्वार्टर. सील फोडलेलं, पाव भाग कमी.

दारूच्या आधी मला पेपर दिसला. विसर्जन मिरवणुकीचा मोठा फोटो, कडेला तारीख. सप्टेंबर २०१४.

मी माळ्याच्या शिडीवर बसून राहिलो. केक ऑक्टोबरचा. म्हणजे त्या वर्षी बाप्पाला पोचवून आल्यावर ज्या माणसानं 'तू भांडी आवर, मखर मी बांधतो' म्हणून दार लोटून घेतलं होतं तो पीत होता, आणि महिन्याभरानं त्याच माणसानं वर्षभर थेंब घेतला नाही म्हणून वीस मिनिटं भाषण केलं होतं. खरं सांगतो, मला हे आठवत नव्हतं. लपवलं होतं असं नाही, आठवतच नव्हतं. ३१ डिसेंबरची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती की ती जागेवर घट्ट बसली होती आणि खरी तारीख चौथऱ्यात. केकनं, गर्वानं पडलो ही निदान सांगण्यासारखी तरी गोष्ट होती. चिकटपट्टीला काही गोष्ट नव्हती. मी आधीपासूनच पीत होतो, बस.

त्या रात्री मला एएची स्थापना आठवली. तिचा दिवस १० जून १९३५ मानतात. अमेरिकेतल्या ॲक्रन गावचे डॉ. बॉब यांनी त्या दिवशी शेवटची दारू घेतली म्हणून. पण महिन्यापूर्वीच त्यांना एएचे दुसरे संस्थापक बिल भेटले होते आणि त्यांनी सोडलीही होती; मग डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पडले. परत आले तेव्हा त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होता. तो स्थिर करायला शेवटची बिअर दिली ती बिलनीच. म्हणजे आमची ही सगळी बाकं ज्या दिवसापासून मोजली जातात तो दिवस एका घसरणीनंतरचा, आणि घोट हात स्थिर करायचा, माझ्या उताऱ्यासारखा. वर गंमत अशी की ते अधिवेशनच १० जूनला सुरू झालं होतं, म्हणून खरी तारीख १७ च्या आसपासची असावी असं काही अभ्यासक म्हणतात. मला हे आठवून बरं वाटलं. थोड्या वेळानं लक्षात आलं की बॉबसाहेबांची तारीख चुकली असेल तर ती विसरण्यानं. त्यांनी बाटली मखरात चिकटवली नव्हती.

पण हे रात्रीचं. दुपारी मी शिडीवरून बाटली घेऊन उतरलो. ही मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन पंच्यावर पसरत होती. माझ्या हातात बघितलं. उठली, जवळ आली, आधी मला हुंगलं. मग बाटली हातात घेतली, मग पेपर.

"केकच्या आधीची आहे," मी म्हणालो.

"माहितीये."

"तुला माहीत होतं?"

"गणपतीतच वास आला होता. गौरी जेवल्या त्या रात्री."

"मग केक?"

"केक मीच आणला ना. पाइनॅपल." ती तांदळाकडे वळली. "तुम्ही तिथे उभं राहून बोलत होता, आणि लेक पहिल्या बाकावर बसली होती. टाळ्या वाजवत होती. तिच्यासमोर उठून काय सांगू?"

दहा वर्षं हे तिनं एकटीनं ठेवलं होतं. मी काहीतरी बोलायला गेलो, बहुतेक माफीच मागणार होतो, माफीचा मला चांगला सराव आहे. ती म्हणाली, "ते थर्माकोल आधी घंटागाडीत टाका. कण उडतायत तांदळात."

बाटली तिनंच मोरीत ओतली, मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. वास तरीही आलाच. ओळखीचा, गोडसर. वर तिनं फिनेल टाकलं आणि बादलीभर पाणी. जास्वंदीला त्या दिवशी चार फुलं होती.

बुधवारी मीटिंगला एक नवीन मुलगा आला होता, तिशीचा, हात मांडीखाली दाबून बसलेला. मला बोलायला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे केकपर्यंत आलो आणि थांबलो. मग मखराचं सांगितलं, चिकटपट्टीचं, हिच्या पाइनॅपलचं. नीट जुळून आलं नाही, मधेच आवाज गेला, शेवट कुठे करायचा कळेना म्हणून तसाच खाली बसलो. कुणी डोळे पुसले नाहीत. त्या मुलानं मांडीखालचा एक हात काढून बाकावर ठेवला. थरथरत होता.

घरी पोचायला साडेनऊ झाले. बेल वाजवली. हिनं दार उघडलं, एक पाऊल पुढे आली, श्वास घेतला आणि बाजूला झाली.